हवेत गेलेल्या थिनरचा हिशेब

कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघाला की गावात बोलाबोली सुरू होते. नाल्याला रंगीत पाणी आले की लोक निवेदन घेऊन तहसील कचेरी गाठतात. धुळीविषयी तर विचारूच नका. ती धुळ्याच्या नावातच आहे, अशी थट्टा आपणच करतो. पण प्रदूषणाचा एक प्रकार असा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला रंग देत नाही, दोरीवरच्या कपड्यांवर थर बसवत नाही. सुरुवातीला त्याचा फक्त वास येतो, आणि थोड्या वेळाने तोही जाणवेनासा होतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणी निवेदन देत नाही, मोर्चाही काढत नाही. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे.

रंगकाम करणाऱ्याच्या हातातील थिनरचा डबा आपण सर्वांनी पाहिला आहे. झाकण उघडे राहिले की संध्याकाळपर्यंत डबा अर्धा होतो. 'उडून गेले' असे म्हणून आपण विषय संपवतो. पण उडून गेले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. ते हवेत गेले, आणि त्या हवेत जो श्वास घेत होता त्याच्या फुप्फुसात आणि तेथून रक्तात गेले. थिनर, पेट्रोल, रॉकेल, चिकटवण्याचे सोल्यूशन, छपाईची शाई, पॉलिश आणि तेल गाळण्यासाठी वापरतात ते हेक्झेन, ही सारी याच जातीची द्रव्ये. शास्त्रीय भाषेत यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. नाव जड आहे, म्हणून या लेखापुरते आपण त्यांना 'उडती रसायने' म्हणू.

आपल्याकडे ही येतात कोठून?

'आमच्या खान्देशात कुठे मोठे रासायनिक कारखाने आहेत?' असे कोणी म्हणेल. हा गैरसमज आहे. तेलाचा धंदा हा आपला जुना धंदा. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. आजही सरकी आणि सोयाबीनचे तेल काढण्याचा उद्योग आपल्या भागात आहे. घाण्यातून किंवा एक्स्पेलरमधून काढल्यावरही पेंडीत काही तेल शिल्लक राहतेच. ते काढण्यासाठी पेंड हेक्झेनने धुतात. हेक्झेन तेल विरघळवून घेते. मग मिश्रण तापवले की हेक्झेनची वाफ होते, ती थंड पाण्याच्या कंडेन्सरमध्ये पुन्हा पातळ होते आणि तेच हेक्झेन परत वापरता येते. पद्धत उत्तम आहे. पण प्रत्येक फेरीत थोडे हेक्झेन निसटते. काही पेंडीबरोबर जाते, काही गळक्या जोडांतून, तर काही वरच्या नळीतून सरळ आकाशात.

येथे आपल्या हवामानाचाही संबंध येतो. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा कंडेन्सरला देण्याचे पाणीच कोमट असते. वाफ नीट थंड होत नाही, आणि हिवाळ्यापेक्षा जास्त हेक्झेन हवेत जाते. थंड प्रदेशातील यंत्राचा आराखडा जसाच्या तसा येथे आणून चालत नाही.

तेलाचे कारखाने निदान मोठे आणि नजरेत भरणारे आहेत. त्यांच्याखेरीज औद्योगिक वसाहतींतून आणि गल्लीबोळांतून शेकडो लहान ठिकाणे आहेत. गाड्यांना स्प्रेने रंग मारणारी गॅरेजे, फर्निचरला पॉलिश करणारे, प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई करणारे, फायबरच्या टाक्या बनवणारे, फोम आणि रेक्झिन चिकटवणारे. प्रत्येक ठिकाणी दोन-चार कामगार, पत्र्याची शेड आणि थिनरचे एक पिंप. एकेकट्याचा त्रास लहान वाटतो. बेरीज मात्र लहान नसते.

नाकावर विसंबू नका

'डॉक्टरसाहेब, पहिले आठ दिवस त्रास झाला, आता सवय झाली,' असे कामगार सांगतात. सवय होते ती नाकाला. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. फुप्फुस, यकृत आणि मज्जातंतू यांना अशी सवय होत नाही. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे समजणे, हे भोंगा बंद पडला म्हणून आग विझली असे समजण्यासारखे आहे.

शिवाय काही रसायनांचा वास उशिरा येतो. बेंझिनचेच पाहा. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवेच्या गुणवत्तेची जी मानके जाहीर केली, त्यांत बेंझिनची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. नाकाला बेंझिनचा वास कळेपर्यंत हवेतले त्याचे प्रमाण या मर्यादेच्या शेकडो पट झालेले असते.

शरीरात काय होते?

त्रास दोन प्रकारचे. पहिला लगेच होणारा: डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, डोळ्यांची आग, घसा कोरडा पडणे. मोकळ्या हवेत आले की बरे वाटते आणि सुट्टीच्या दिवशी तर मुळीच होत नाही. ही खूण ध्यानात ठेवावी. सोमवारी सुरू होणारी आणि सुट्टीला थांबणारी डोकेदुखी ही पित्ताची नसून कामाच्या जागेची असण्याचा संभव अधिक.

दुसरा त्रास सावकाश येतो. हेक्झेनचे यकृतात एका वेगळ्या विषात रूपांतर होते आणि ते विष लांब मज्जातंतूंवर घाला घालते. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायांकडे जाणारे, म्हणून सुरुवात पायांपासून होते. तळव्यांना मुंग्या, मग बधिरपणा, मग चप्पल पायातून निसटणे, जिना चढताना गुडघे लचकणे. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवण्याचे काम करणाऱ्या लोकांत हा आजार आढळला. चीनमधील सुझोऊ शहरात फोनच्या काचा पुसण्यासाठी हेक्झेन वापरणाऱ्या कारखान्यात २००९ च्या सुमारास १३७ कामगारांना त्याची बाधा झाली. बंद यंत्रात फिरणाऱ्या हेक्झेनपेक्षा असे उघड्यावर, हातात फडके घेऊन केलेले काम अधिक घातक असते. वाईट गोष्ट अशी की काम सोडल्यावरही काही आठवडे हा अशक्तपणा वाढत जाऊ शकतो, आणि सुधारणेला महिने लागतात. आपल्याकडे अशा रुग्णाची रक्तातील साखर तपासली जाते, जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात आणि मूळ कारण विचारायचे राहून जाते.

स्प्रे पेंटिंगच्या थिनरमध्ये टोल्यूइन आणि झायलीन असतात. दीर्घकाळ टोल्यूइन हुंगल्याने स्मरणशक्ती, झोप आणि स्वभाव यांवर परिणाम होतो. गरोदर स्त्रीने अशा ठिकाणी काम करणे बाळाच्या दृष्टीने धोक्याचे. हात थिनरने धुण्याची सवय तर सर्रास आहे. त्वचेतले नैसर्गिक तेल निघून जाते, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून रसायन आत शिरायला वाट मिळते.

जे कारखान्यात जात नाहीत त्यांनीही निर्धास्त राहू नये. ही रसायने आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो, पण श्वासात आलेला ओझोन दम्याच्या रोग्याला छळतो. आणि उन्हाची तर आपल्याकडे टंचाई नाही!

स्फोटाची बातमी होते, गळतीची होत नाही

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान तेरा जणांचे प्राण गेले. एप्रिल २०२४ मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याला आग लागून कामगार होरपळले. अशा वेळी मंत्री येतात, चौकशी लागते, मदत जाहीर होते. ते योग्यच आहे. पण स्फोट आणि रोजची गळती ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत, हे आपण विसरतो. हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती वर न जाता खड्ड्यात, गटारीत, टाकीच्या पायथ्याशी साठते. हवेत तिचे प्रमाण शंभरात एकाच्या थोडे वर गेले तरी एका ठिणगीने पेट घेते. ज्या कारखान्यात रोजची गळती आटोक्यात असते तेथे स्फोटाची भीतीही कमी असते. मज्जातंतू वाचवणारे झाकण जीवही वाचवते.

रोजच्या गळतीचा जाब विचारला गेल्याचे उदाहरण मुंबईत आहे. चेंबूरजवळच्या माहुल आणि अंबापाडा भागात तेल आणि रसायनांच्या मोठ्या टाक्या आहेत. तेथील रहिवाशांनी वासाची आणि श्वासाच्या त्रासाची तक्रार लावून धरली. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये पाहणी केली तेव्हा ६७.१ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे आणि ८६.६ टक्के लोकांच्या डोळ्यांची आग होत असल्याचे आढळले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने दोन सरकारी तेल कंपन्या आणि टाक्यांचा व्यवसाय करणाऱ्या दोन कंपन्या यांना मिळून २८६ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. आदेशाचे कारण स्फोट नव्हता, आग नव्हती. टाकी भरताना आणि रिकामी करताना उडून जाणारी वाफ, एवढेच कारण होते.

माहुलच्या मागे मुंबईचे मोठे रुग्णालय होते, पाहणी होती. आपल्याकडे काय आहे? जळगाव शहराचे नाव २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. पण त्या कार्यक्रमाचा सारा भर धुळीवर. रस्ते झाडा, पाणी मारा, झाडे लावा. ही कामे चांगलीच आहेत, परंतु पाणी मारल्याने टोल्यूइन खाली बसत नाही.

खतावणी काढा!

मग मोजायचे कसे? प्रत्येक शेडवर यंत्र बसवणे शक्य नाही, असे अधिकारी सांगतात. माझे म्हणणे असे की यंत्र येईल तेव्हा येईल, आज खतावणी काढा. खान्देश हा व्यापाऱ्यांचा मुलूख. क्विंटलमागे किती तूट येते हे आपल्या मुनीमजींना तोंडपाठ असते. तोच हिशेब येथे लावायचा. वर्षात थिनर किंवा हेक्झेन किती विकत घेतले? मालात किती गेले? वर्षअखेर शिल्लक किती? वाया गेलेले म्हणून किती देऊन टाकले? जो आकडा जुळत नाही, तो हवेत गेला.

ही माझी कल्पना नाही. युरोपात १९९९ पासून असा हिशेब कायद्याने मागितला जातो. तेथे सोयाबीनसाठी टनामागे ०.८ किलो, सूर्यफुलासाठी १ किलो, अशा मर्यादा ठरवून दिल्या आहेत. समजा, एखादा कारखाना दिवसाला २०० टन सोयाबीन काढतो आणि टनामागे ३ किलो हेक्झेन गमावतो. म्हणजे रोज ६०० किलो, साधारण साडेचार पिंपे! ०.८ किलोच्या मर्यादेत राहिला तर १६० किलो, म्हणजे सव्वा पिंप. उरलेली तीन-सव्वातीन पिंपे रोज विकत आणायची आणि रोज हवेत सोडायची, यात मालकाचे तरी कोणते हित आहे? कामगाराच्या फुप्फुसात जाते ते मालकाच्या खिशातूनच गेलेले असते. प्रदूषणाच्या फार थोड्या प्रकारांत मालक आणि मजूर यांचे हित इतके एका बाजूला असते.

कागद तर आपल्याकडेही आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी सप्टेंबरअखेर पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते. त्यात कच्चा माल किती लागला याचा रकाना असतो. तो रकाना भरला जातो आणि फाइल बंद होते. त्यातील सॉल्व्हंटचा आकडा उत्पादनाशी ताडून पाहा आणि ज्याची तूट शेजारच्या कारखान्यापेक्षा दुप्पट आहे त्याच्याकडे आधी जा, एवढेच मंडळाकडे मागणे आहे. नागरिकांनाही माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून हा कागद मागता येतो. ग्राहक संघटनांनी, महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावे.

उपाय फार अवघड नाहीत

१) झाकण. पिंप, डबे, वापरलेल्या चिंध्या, सर्व झाकून ठेवावे. चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा असावा.

२) तेलाच्या कारखान्यांत उन्हाळ्यापूर्वी कंडेन्सरची सफाई, पंपांच्या आणि जोडांच्या गळतीची तपासणी आणि वरच्या नळीतून जाणारी उरलीसुरली वाफ खनिज तेलात शोषून घेण्याची यंत्रणा चालू स्थितीत असावी. नुसती बसवलेली नव्हे, चालू!

३) स्प्रेचे काम उघड्या शेडमध्ये न करता बंदिस्त खोलीत करावे आणि बाहेर जाणारी हवा कोळशाच्या गाळणीतून सोडावी. भिंतीला पंखा लावला की काम झाले असे नव्हे. तो पंखा वाफ नाहीशी करत नाही, शेजाऱ्याच्या घरात पाठवतो. एकट्याला खर्च झेपत नसेल तर औद्योगिक वसाहतीत चार-पाच जणांनी मिळून एक रंगखोली उभारावी.

४) जेथे जमेल तेथे पाण्यात मिसळणारे रंग आणि डिंक वापरावेत.

५) तोंडाला रुमाल बांधल्याने धूळ थोडी अडते, वाफ मुळीच अडत नाही. कामगाराला कोळशाच्या डबीचा मास्क द्यावा आणि डबी वेळेवर बदलावी. हात साबणाने धुवावेत, थिनरने नव्हे.

'डॉक्टर, तुम्ही असे लिहिता, उद्या कारखाने बंद पडले तर पोरांनी जायचे कुठे?' असे म्हणणारे भेटतील. प्रश्न खरा आहे. आपल्याकडची पोरे आधीच सुरतेच्या आणि पुण्याच्या गाड्या पकडतात. कारखाने चालावेत, वाढावेत, असेच मलाही वाटते. म्हणूनच मी टाळे लावायला सांगत नाही, झाकण लावायला सांगतो.

आम्हा डॉक्टरांनाही काम आहे

इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारण्याच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: 'तुम्ही काम काय करता?' तीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो आणि धंद्याचा रकाना कोराच राहतो किंवा 'मजुरी' एवढे लिहून भरतो. मजुरी कसली? शेतातली की स्प्रेगनची? यावर निदान फिरते.

यात दयाबुद्धीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८९ व्या कलमाने ठरावीक व्यवसायजन्य रोगांची माहिती सरकारला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले होते. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, तिच्यातही हे बंधन कायम आहे. त्या यादीत बेंझिन आणि त्याच्या कुळातील रसायनांची विषबाधा आहे, म्हणजे टोल्यूइन आणि झायलीनही आले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यकीय संघटनांनी यावर एक बैठक घ्यावी आणि कळवण्याचा नमुना प्रत्येक दवाखान्यात पोहोचवावा. कळवलेल्या रोग्यांची नोंद नसेल तर 'आमच्या जिल्ह्यात हा आजारच नाही' असे सरकार म्हणणार, आणि कागदोपत्री ते खरेही ठरणार.

वाचकांपैकी जे अशा ठिकाणी काम करतात त्यांनी एवढे करावे. डोकेदुखी, गरगरणे, पायांना मुंग्या यांपैकी काही होत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. आपण काय काम करतो, दिवसातून किती तास करतो, शेडला खिडक्या किती, हे आपणहून सांगावे. जमल्यास रसायनाच्या डब्यावरचे नाव कागदावर उतरवून आणावे. सोनोग्राफीने आणि महागड्या तपासण्यांनी जे कळत नाही, ते अनेकदा त्या चिठ्ठीने कळते.